न आलेली मंजुरी

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही, आणि तिच्यापासून मी एरवी फारसं काही लपवलेलं नाही. कॉलेजात एकाच खोलीत बसून वर्षानुवर्षं माझ्याबरोबर चहा घेणाऱ्यांना ठाऊक नाही. ज्याच्याशी मी तसा वागलो त्याला तर नाहीच. आज पहिल्यांदा ती कागदावर उतरते आहे, आणि हात चालत नाही हे खरं. मघापासून दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. घर चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातलं. काळी जमीन, कापूस, तूर — आणि घराण्यात इंग्रजी शिकलेला मी पहिला. विद्यापीठात नव्या अभ्यासक्रमाची गोष्ट निघाली की लोक म्हणतात, त्यांना विचारा, त्यांचा हातखंडा आहे. ऐकून मला सुख वाटतं. वाटतंच — आता ते तरी कशाला नाकारू?

आणि अभ्यासक्रम मी खरोखर चांगला केला होता. हे आधी सांगून घेतो. पुढचं ऐकल्यावर तुम्ही त्यावर विश्वास ठेवणार नाही.

गेल्या महायुद्धाच्या पुष्कळ आधीचे दिवस. बी.एस्सी.च्या वर्गाला फळझाडांबद्दल जे थोडंफार शिकवायचं असे ते सगळं विलायती पुस्तकांतलं. सफरचंद, नासपती, बर्फापासून कलमं कशी वाचवावीत. समोर बसलेली मुलं वरूड-मोर्शीची, अचलपूरकडची, अकोल्याची. त्यांच्या घरी संत्र्याच्या बागा, आणि ती बर्फाबद्दल टिपणं घेत होती. मला त्याची लाज वाटायची. आपण कोणाला काय शिकवतो आहोत, हा प्रश्न इतर कुणाला कसा पडत नाही, याचा रागही यायचा. रागीट मी पहिल्यापासूनच. फक्त ज्यांच्यावर रागवायला हवं त्यांच्यासमोर तो राग कुठं जातो, कोण जाणे.

म्हणून मी फळबाग हा एक स्वतंत्र विषय आखला. आपल्या मातीचा, आपल्या झाडांचा. त्यातली एक गोष्ट मला फार प्रिय होती. संत्र्याला बहार आणायचा तर उन्हाळ्यात त्याचं पाणी तोडावं लागतं. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होऊन गळायला लागेपर्यंत झाड तहानलेलं ठेवायचं, मग मृगाच्या सुमाराला पाणी द्यायचं, की फूल येतं. ताण कमी पडला तर बहार नाही, जास्त झाला तर झाडच जातं. हे सगळं चालतं वैशाख-ज्येष्ठात, आणि नेमकं तेव्हाच आमच्या कॉलेजला कुलूप असतं. मुलांनी झाड पाहायचं कधी? मी ठरवलं, प्रात्यक्षिक सुट्टीतच. प्रत्येक मुलानं आपल्या गावच्या बागेत राहायचं, स्वतःच्या हातानं ताण द्यायचा, आणि कॉलेज उघडलं की त्याची तोंडी परीक्षा — मराठीत. परीक्षकांत एक प्राध्यापक आणि एक मुरलेला बागवान. हे माझं होतं, कुठून उचललेलं नव्हतं. आजही कुणी त्याची तारीफ केली तर माझी छाती फुगते, आणि दुसऱ्याच क्षणी मी विषय बदलतो.

नवा विषय सुरू करायचा तर विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाची मंजुरी लागते. आम्ही त्याला नुसतं बोर्ड म्हणत असू. बोर्डाच्या कचेरीतून मला तोंडी सांगण्यात आलं की विषय घ्यायला मुलं तयार आहेत हे दिसलं पाहिजे. मुलांकडं गेलो तर मुलं विचारत, सर, मंजुरी आली का? आता करायचं काय? आमच्याकडं याला एक रुळलेली वाट होती, आजही आहे. वर्ग सुरू करून टाकायचा, मंजुरी मागाहून येतेच. सगळी कॉलेजं असंच करत आली होती. आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला एवढंच विचारलं की मंजुरीचं नक्की ना, कारण जबाबदारी तुमची आहे. मी म्हटलं, नक्की.

आणि मुलांना मी सांगितलं — मंजुरी आली.

सात मुलं आली. बी.एस्सी.ला तीन विषय घ्यावे लागत. या सातांनी पदार्थविज्ञान सोडून त्या जागी माझा विषय घेतला. म्हणजे माझा विषय नसता, तर त्यांच्याकडं दोनच विषय उरत होते आणि दोन विषयांवर डिग्री मिळत नाही. मला हे माहीत होतं. रात्री पडल्या पडल्या मी ते मोजलेलं होतं, आणि कूस बदलून झोपलो होतो.

सातांतला एक पुंडलिक. अकोल्याच्या बाहेर त्याच्या वडिलांचा मळा होता — वांगी, मेथी, झेंडू, शेवंती, आणि विहिरीच्या अंगाला संत्र्याची थोडी झाडं. त्या झाडांना डिंक्या लागला होता. खोडातून डिंक पाझरतो, साल फाटते आणि दोन-चार वर्षांत झाड वाळून जातं. पुंडलिकला त्याचं कारण हवं होतं. बस, तेवढंच हवं होतं त्याला. नोकरीची भाषा मी त्याच्या तोंडी कधी ऐकली नाही. नागपूरकडं सरकारी शेतकी शिक्षणासाठी त्याला जागा मिळाली होती, ती घ्यायची की माझ्या वर्गात यायचं, यावर घरात बोलणं चाललं होतं. ते ऐकून मी स्वतः अकोल्याला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. सहा झाले होते, सातवा मला हवा होता, आणि हा मुलगा सगळ्यांत चांगला होता.

त्याचे वडील तुळशीरामजी पाटाच्या कडेला उभे होते. पायाला चिखल. हातातलं फावडं त्यांनी बाजूला ठेवलं, घोंगडी झटकून मला बसायला दिली आणि स्वतः उभेच राहिले.

"मास्तर, मले शिक्सनातलं काई समजत नाई," ते म्हणाले. "येकच सांगा. हे डिगरी पक्की हाये ना? वरून मंजूर हाये ना?"

"मंजूर आहे," मी म्हणालो.

"मंग झालं. तुमी आपले मानूस. तुमी सांगतलं तं मले दुसऱ्या कोनाले इचारायचं काम नाई."

पुंडलिकनं नागपूरची जागा सोडली. त्याच्या वाट्याचं काम थोरल्या भावावर पडलं. त्यानं एकट्यानं मळा ओढायचा आणि धाकट्यानं दोन वर्षं शिकायचं, असं घरात ठरलं. दोनच वर्षं. त्याहून जास्त त्या घराला झेपणारं नव्हतं, आणि हे तुळशीरामजींनी मला मळ्यातून सडकेपर्यंत पोचवताना सांगितलं होतं.

पहिलं वर्ष मोठं आनंदात गेलं. इतका आनंद मला शिकवण्यात आधी नव्हता आणि नंतर झाला नाही. बोर्डाची बैठक एकदा पुढं गेली, पुन्हा पुढं गेली, आणि मी मनाशी म्हणत राहिलो, येईल मंजुरी, जाते कुठं. उन्हाळ्यात मुलं आपापल्या बागांत राबली. कॉलेज उघडलं तेव्हा पुंडलिक उन्हानं काळाठिक्कर होऊन आला. तोंडी परीक्षा संपल्यावर जाता जाता त्यानंच मला विचारलं, "सर, येकाच बांधावरच्या दोन झाडायले सारखं पानी, सारखं खत — मंग डिंक येकालेच काहून येते?" मी म्हटलं, ते दुसऱ्या वर्षाला आहे, तेव्हा नीट पाहू. खरं तर त्याच दिवशी सांगता आलं असतं, जेवढं मला येत होतं तेवढं. पण मला क्रमानं शिकवायची सवय. आराखड्यात ते पुढं होतं.

आता मी त्या दिवसावर आलोच आहे. टाळून टाळून किती टाळणार?

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर बोर्ड बसलं, नागपूरला. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड. अध्यक्ष एक वयस्कर, सौम्य गृहस्थ. माझ्या आधी दुसऱ्या एका कॉलेजचा विषय निघाला. त्यांनीही मंजुरीआधीच वर्ग सुरू केला होता आणि तिथल्या प्राध्यापकानं ते कबूल केलं. मग बोर्डानं त्याला धारेवर धरलं. अर्धा तास! वयानं माझ्याहून मोठा माणूस, खाली मान घालून उभा. कुणी इंग्रजीत, कुणी हिंदीत, एकानं हसत हसत. तुम्हाला नियम वाचता येतात की नाही, मुलांच्या आयुष्याशी खेळता का, कॉलेज म्हणजे काय बाजार आहे — सगळं झालं. आणि ते सगळं झाल्यावर अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं की मुलांचा यात दोष नाही, त्यांच्यापुरती खास परवानगी द्यावी. दिलीही. त्याची मुलं सुटली.

हे मी पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर. काय केलं की काय होतं, हे याहून स्पष्ट कुणाला कधी दाखवलं गेलं असेल?

मग माझा विषय निघाला. कुणी म्हणालं आराखडा चांगला आहे, कुणी म्हणालं सुट्टीत प्रात्यक्षिक म्हणजे थट्टाच झाली, बागवान परीक्षक तर त्याहून. विषय पुढच्या वर्षावर टाकावा असा सूर निघाला. तेव्हा अध्यक्षांनी चष्मा वर करून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुमच्याकडं वर्ग सुरू तर झालेला नाही ना?"

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. नोकरी जाणार नव्हती — त्या दुसऱ्याची कुठं गेली? मला फक्त तो अर्धा तास नको होता. त्या लोकांत माझ्या बोलण्याला खेड्याचा वास येतो असं मला वाटायचं, आणि त्यांनी माझ्यावर तोंड टाकावं हे मला सोसणार नव्हतं. हे कारण झालं. ती सबब म्हणून मी पुढं करत नाही, कारण त्या दुसऱ्या प्राध्यापकालाही तो अर्धा तास नकोच होता, आणि तो उभा राहिला होता.

विषय पुढच्या वर्षावर गेला. बैठक संपल्यावर व्हरांड्यात अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, आराखडा मला आवडला, मुलं बसलेली असती तर आजच काहीतरी करून दिलं असतं, पुढच्या वर्षी जरूर आणा. हात खांद्यावर होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. आत रागवणारे आत राहिले होते. आता तरी? आता सांगायला काय हरकत होती? मी "आभारी आहे" म्हणालो. त्यांनी छत्री घेतली आणि ते पायऱ्या उतरून गेले.

परतीच्या गाडीत मी रडलो-बिडलो नाही. वर्धा गेलं, धामणगाव गेलं, चांदूर आलं. खिडकीतून आमच्या गावाकडचा रस्ता दिसला. मी आत जुळवाजुळव करत बसलो होतो — मुलांना काय सांगायचं, कोणत्या शब्दांत, आधी काय आणि मग काय. बडनेऱ्याला उतरेपर्यंत माझं सगळं तयार होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी पुस्तकी मराठी बाजूला ठेवली. ती पोरं ज्या बोलीत वाढली त्या बोलीत बोललो, कारण त्या बोलीतलं ती खरं धरतात हे मला माहीत होतं. "मी लय भांडलो, पोरायहो," मी म्हणालो. "दिलेली मंजुरी त्यायनं मांगं घेतली. वावरातल्या पोरायनं डिगरी घेऊन पुढं यावं, हे त्या लोकायले पायजेच नाई. आपल्याले तिथं कोन इचारते?" एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांतला एक उठून म्हणाला, सर, तुमी तरी काय करसान? आणि ती पोरं माझी समजूत घालू लागली. मी घालू दिली.

अध्यक्षांचं नाव मी घेतलं नाही, पण कुणाबद्दल बोलतो ते त्यांना कळेल इतपत बोललो. ते गृहस्थ आता हयात नाहीत. सात घरांत त्यांना मुलांच्या मुळावर आलेला माणूस म्हणून ओळखतात.

सातांतल्या ज्यांना शक्य होतं त्यांनी वर्ष मागं जाऊन पदार्थविज्ञान घेतलं आणि पास झाले. दोघं कारकुनीत गेले. पुंडलिक परत गेला. घरानं दिलेली दोन वर्षं संपत आली होती आणि नागपूरची जागा केव्हाच दुसऱ्याला गेली होती. तुळशीरामजी मला भेटायला आले. मला वाटलं, आता काही बोलतील. त्यांनी पिशवीतून वांगी काढून ओट्यावर ठेवली, आणि "तुमी पोरासाठी जीव काढला, मास्तर," म्हणाले. ती वांगी आम्ही खाल्ली.

पुढं काही वर्षांनी विषय मंजूर झाला. सुट्टीतलं प्रात्यक्षिक कापलं गेलं, बागवान परीक्षक गेला, तोंडी परीक्षा इंग्रजीत झाली. कॉलेजच्या आवारात कुंपणाजवळ चार झाडं लावली, त्यांच्याभोवती मुलं उभी राहतात. या सुधारणेला मी हरकत घेतली नाही. मग मलाच बोर्डावर घेतलं. त्या हिरव्या कापडापाशी आता मी बसतो, आणि वर्ग आधीच सुरू केला म्हणून कुणी उभं राहिलं, तर त्याला दोन शब्द सुनावतोही.

पुंडलिक मला सोडेना. दरवर्षी एक-दोनदा यायचाच. अकोल्याची गाडी पकडून, मूर्तिजापूर, बडनेरा करत, सोबत काहीतरी भाजीपाला. संत्र्याची झाडं त्यानं केव्हाच तोडली होती, त्या जागी पेरू लावले. डिंक का येतो हे त्यानं पुन्हा मला विचारलं नाही, आणि मीही काढलं नाही. त्याचा एक प्रश्न मात्र ठरलेला. "सर, आता तं तुमी बोर्डावर आहा. आता बदललं का काई तिथं?" आणि मी म्हणायचो, तसंच आहे रे. दुसरं काय म्हणणार होतो? बदललं म्हटलं असतं तर त्यानं खोदून विचारलं असतं. बदलण्यासारखं तिथं मुळात काही नव्हतंच, हे सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून दरवर्षी — तसंच आहे.

तो ते घेऊन घरी जायचा. घरी मुलगी होती, वेणू. त्यानं तिला शिकवली, लोकांची बोलणी खाऊन मॅट्रिकपर्यंत नेली, आणि ती चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला पुढं शिकायचं होतं. बी.एस्सी. आणि पुंडलिक नाही म्हणाला. मुलगी आहे म्हणून नव्हे — तो त्यातला नव्हता. तिथं आपल्याला घेत नाहीत, म्हणून.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तो तिला माझ्याकडं घेऊन आला. म्हणाला, "सर, तुमीच सांगा इले. माह्यं आयकत नाई. मी म्हनतो, सरासारक्याचं तिथं चाललं नाई तं आपलं काय चालीन? उगीच दोन सालं जातीन आन् तोंड पाहून परत यावं लागीन. माह्यं झालं ते झालं."

वेणू सतरंजीवर बसली होती. गव्हाळ, उंच कपाळाची, बापासारखे मोठे हात. बायकोनं दिलेला चहा तिनं तसाच ठेवला. माझ्याकडं सरळ पाहून तिनं विचारलं, "सर, बाबांच्या वेळेस बोर्डात तुमी काय बोलले होते?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिथं काय झालं, असं सगळे विचारत. तुम्ही काय बोललात — कुणीच नाही. उत्तर एका शब्दाचं होतं. मी तो शब्द उच्चारला असता तर पुंडलिकनं कदाचित माझ्या घरचं पाणीही सोडलं असतं, पण मुलगी पुढच्या महिन्यात कॉलेजात बसली असती. तिचा अर्ज माझ्याच हातून गेला असता. हे सगळं मला त्या क्षणी दिसत होतं. नागपूरला दिसलं होतं तसंच, स्वच्छ.

मी म्हणालो, "बोलू दिलं कुठं, बाई."

तिनं न घेतलेला चहा बाजूला सारला. मग म्हणाली, "मंग राहू द्या, बाबा." पुंडलिक हसला, सुटल्यासारखा. "पाह्यलं?" तो म्हणाला, "म्या सांगतलं होतं ना." दुपारच्या गाडीनं दोघं परत गेली.

या वैशाखात तिचं लग्न झालं. मूर्तिजापूरकडचं घर आहे, बरे लोक आहेत, भाज्यांचाच मळा. पुंडलिकनं मला मानानं आपल्याजवळ बसवलं आणि व्याह्यांना ओळख करून दिली, "हे आमचे सर. आमच्यासाठी नागपूरले लढले." व्याही माझ्या पाया पडले. वेणूही पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, अक्षता टाकल्या आणि पंगतीला बसून जेवलो.

तुम्हाला हे सांगता आलं, कारण माझ्या शब्दावर विसंबून तुम्ही काही सोडून दिलेलं नाही. पुंडलिक अकोल्याला आहे, धडधाकट आहे, येत्या आठवड्यात येतो म्हणून त्याचा निरोप आहे. तो येईल, बसेल, तिथं काही बदललं का म्हणून विचारेल. मी सांगेन, तसंच आहे.